राजगडची बैठक आणि फिलाडेल्फियाची खुर्ची

नसरापुराहून वेल्ह्याच्या वाटेला लागलें म्हणजे मार्गासनी मागें पडल्यावर विंझर हें गांव येतें. कानंदीच्या खोऱ्यांतलें हें गांव तसें लहानच. पण त्याला शेजार लाभला आहे तो मात्र थोर. एकीकडे राजगड आणि दुसरीकडे तोरणा! गेल्या हिवाळ्यांत कॉलेजांतील कांहीं विद्यार्थ्यांना घेऊन मी राजगडास गेलों होतों. पद्मावती माची, सुवेळा, संजीवनी, बालेकिल्ला असा सारा गड पायांखालीं घालून आम्ही सायंकाळीं विंझरला येऊन एस्. टी. ची वाट पाहत बसलों. चहा झाला. गडावर फारसा न बोललेला एक विद्यार्थी तेथें एकाएकीं म्हणाला, "सर, सगळें पाहिलें, पण राजगडावर महाराजांचें सिंहासन कोठें होतें, तें कांहीं तुम्हीं दाखविलें नाहीं."

"दाखवूं कोठून? राजगडावर सिंहासन नव्हतेंच," मीं म्हटलें.

"मग महाराज बसत कशावर?"

प्रश्न साधा होता. मीं उत्तर दिलें तें मास्तरी होतें: राज्याभिषेक रायगडावर झाला, तोहि १६७४ सालीं, त्याच्या आधीं सिंहासन असण्याचें कारण नाहीं, वगैरे. त्याचें समाधान झालें नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावरून उघड दिसत होतें. आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत राज्य कोणीं जिंकलें, कोणीं घालविलें, याचा झाडा असतो. परंतु राज्य करणारा मनुष्य प्रत्यक्ष बसत कशावर होता, आणि त्या बसण्याला लोक काय मानीत होते, याचा विचार क्वचितच केलेला आढळतो.

या विचारासरशी मला कांहीं वर्षांपूर्वीं पाहिलेली एक खुर्ची आठवली. ती मराठी मुलुखांतली नव्हे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं पेनसिल्व्हानिया प्रांताचें जें जुनें सभागृह आहे, तेथें ती जपून ठेवलेली आहे. स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रज फौजेनें १७७७ च्या शरदापासून १७७८ च्या उन्हाळ्यापर्यंत हें शहर व्यापलें होतें, आणि त्या अवधींत सभागृहांतील सामानसुमानाची धूळधाण झाली. पुढें शहर मोकळें झाल्यावर प्रांतिक सभेच्या अध्यक्षासाठीं नवी खुर्ची हवी झाली, ती जॉन फोलवेल नांवाच्या सुतारानें १७७९ सालीं महोगनी लांकडाची करून दिली. उंच पाठीची, हातांची, घाट डौलदार. पाठीच्या माथ्यावर क्षितिजावर अर्धा दिसणारा सूर्य कोरून त्यावर सोनेरी मुलामा दिलेला. एका प्रांतिक सभेच्या खुर्चीला याहून अधिक मोठेपण यावयाचें कारण नव्हतें. परंतु १७८७ सालीं त्याच दालनांत अमेरिकेची राज्यघटना तयार करण्यासाठीं परिषद भरली, आणि २५ मेपासून १७ सप्टेंबरपर्यंत जॉर्ज वॉशिंग्टन या खुर्चींत अध्यक्ष म्हणून बसला.

बसला, हेंच मुख्य. त्या चार महिन्यांत तो वादांत जवळ जवळ बोललाच नाहीं. अगदीं शेवटच्या दिवशीं, किती लोकवस्तीमागें एक प्रतिनिधि असावा, चाळीस हजारांमागें कीं तीस हजारांमागें, एवढ्या एका मुद्द्यावर त्यानें आपलें मत दिलें, तें लगेच मान्य झालें. याच दिवशीं शेवटचे सभासद सह्या करीत असतां ८१ वर्षांचा वृद्ध फ्रँकलिन त्या खुर्चीकडे पाहून शेजाऱ्यांस म्हणाला कीं, उगवता सूर्य आणि मावळता सूर्य यांत फरक दाखविणें चित्रकारांना जड जातें. मीहि इतके दिवस हा सूर्य पाहत होतों व तो कोणता तें मला ठरवितां येत नव्हतें. आतां मात्र तो उगवता आहे अशी खात्री होऊन मला समाधान वाटतें. ही हकीकत आपल्याला मिळते ती मॅडिसन या सभासदाच्या टिपणांतून. तीं टिपणें छापून निघालीं १८४० सालीं, लिहिणाराच्या मृत्यूनंतर. मॅडिसनच्या लिहिण्यांत सूर्य रंगविलेला आहे. खुर्चीवर पाहावा तर कोरलेला. चार महिने समोर असलेली वस्तुसुद्धां विद्वानांस नीट दिसत नाहीं, असें म्हणण्याचा मोह आम्हां अध्यापकांना होतो. पण तो आवरलेला बरा.

आतां राजगडच्या प्रश्नाकडे वळूं. आपल्या भाषेंत राज्याच्या आसनाला शब्द कांहीं थोडे नाहींत. सिंहासन आणि पीठ संस्कृताकडून आलीं. तख्त आणि मसनद फारसी-अरबी दरबारांतून आलीं. पण रोजच्या व्यवहारांत मुरला तो शब्द 'गादी'. राजा गादीवर येतो, वंश गादी चालवितो, दत्तक घ्यावयाचा तो गादीला वारस हवा म्हणून. मठाधिपतीची गादी असते, आणि सराफाच्या पेढीवरहि गादीच. म्हणजे ज्या वस्तूला आपण सत्तेचें नांव दिलें ती कापसाची, गुंडाळून नेतां येणारी, आणि जमिनीवर अंथरावयाची. दुसरा शब्द 'सदर'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ छाती, पुढचा अथवा वरचा भाग, मानाची जागा. तेथून तो राज्यकारभाराच्या बैठकीला लागला, आणि कचेरीच्या भाषेंत 'सदरहू' होऊन आजतागाईत प्रत्येक अर्जांत डोकें वर काढतो. राजगडावर पद्मावती माचीवर जी सदर दाखवितात, तिचें आज जोतें तेवढें आपल्या नजरेला महत्त्वाचें. त्यावर जाजम, जाजमावर गादी, पाठीशीं लोड. समोर कारकून मांडी घालून, गुडघ्यावर कागद घेऊन मोडी लिहिणारे, आणि लिहून झालेले कागद फडक्यांत बांधून रुमाल करून ठेवणारे. मराठी कारभाराचा घाट हा असा होता, आणि तो पेशवाई बुडेपर्यंत असाच राहिला. पुणें दरबारचा इंग्रज वकील मॅलेट याच्या तहाच्या प्रसंगाचें जें प्रसिद्ध चित्र डॅनियलनें १८०५ सालीं पुरें केलें, त्यांत सवाई माधवरावांचा दरबार आहे. तोहि खालच्या बैठकीचाच आहे.

अशा बैठकीवरून किती मोठें राज्य चाललें, याची कल्पना यावी म्हणून एकच जुना कागद सांगतों. विंझरपासून फार दूर नसलेल्या रांझें गांवच्या पाटलानें एका स्त्रीशीं बदअंमल केला. त्याबद्दल त्याचे हातपाय तोडल्याचें व पाटिलकी काढून दुसऱ्याकडे दिल्याचें शिवाजी महाराजांचें पत्र २८ जानेवारी १६४६ चें आहे. महाराजांचें वय त्या वेळीं सोळा वर्षांच्या आंतबाहेर. सिंहासन नाहीं, छत्र नाहीं, राजा ही पदवीसुद्धां शास्त्रोक्त रीतीनें मिळालेली नाहीं. कागदाच्या माथीं मात्र ती मुद्रा आहे: प्रतिपदेच्या चंद्रकलेप्रमाणें वाढत जाणारी, विश्वानें वंदिलेली, शहाजीचा पुत्र शिवाजी याची. फोलवेल सुताराचा सूर्य पाहून फ्रँकलिनला चार महिने संशय पडला; या चंद्रकलेविषयीं मुद्रा घडविणारानें संशयाला जागाच ठेवली नाहीं. प्रतिपदेची कला, ती वाढावयाचीच!

पुढें तोरण्यावर सांपडलेलें द्रव्य मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्चून राजगड उभा राहिला आणि पाव शतकाच्या सुमारास तोच राज्याचा मुख्य गड होता. सईबाईंचा अंत येथेंच १६५९ त झाला; १६७० त राजाराम महाराजांचा जन्मही येथलाच. पुरंदरच्या तहांत १६६५ सालीं २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले आणि पदरीं १२ राहिले, त्यांत राजगड-तोरणा ही जोडी राखली होती, यावरून या खोऱ्याची किंमत कळावी. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १२ मे १६६६ रोजीं, आग्र्याचा तो दरबार झाला. त्या दरबारचा नियम असा कीं बसावयाचें तें एका बादशहानें. बाकी सर्वांनीं आपापल्या ओळींत उभें राहावयाचें. महाराजांस उभें केलें तें मागच्या ओळींत. त्यांचा संताप आसनासाठीं नव्हता, आसन तेथें कोणालाच नव्हतें. तो ओळीसाठीं होता. तेथून निसटून ते परतले ते सप्टेंबरांत राजगडावर, म्हणजे आपल्या त्याच जाजमाच्या बैठकीवर. त्यानंतर आठ वर्षांनीं सिंहासन घडलें. आग्र्याचा तो उभें राहण्याचा प्रसंग आणि रायगडचें सिंहासन यांचा संबंध कागदानें सिद्ध करून द्या असें कोणी म्हणेल तर मला देतां येणार नाहीं. पण तो संबंध नाहीं असें मानणें मला तरी जमत नाहीं.

सिंहासनाचें वर्णन दोघांकडून येतें. राज्याभिषेकास ६ जून १६७४ रोजीं हजर असलेला मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन यानें सिंहासनाच्या दोन्ही अंगांस सोनेरी भाल्यांच्या टोंकांवर टांगलेलीं चिन्हें टिपून ठेवलीं आहेत: उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांचीं दोन सोन्याचीं मस्तकें, डावीकडे घोड्यांचीं पुच्छें, आणि एका मौल्यवान भाल्यावर समतोल सोन्याचा तराजू, न्यायाचें चिन्ह म्हणून. दाराशीं उभे असलेले लहान हत्ती अशा अवघड गडावर चढविले कसे, याचेंहि त्यास नवल वाटलें. व्यापाऱ्याच्या डोळ्याला तराजू प्रथम दिसावा यांत आश्चर्य नाहीं. पण त्यामुळें आपल्याला तो मिळाला.

दुसरा साक्षी सभासद. सिंहासन बत्तीस मण सोन्याचें होतें हें त्याच्याच बखरीमुळें मराठी माणसाच्या तोंडीं बसलें. बंगाली मणानें हिशेब केला तर हें वजन सुमारें १,२०० किलो भरतें. जुने ठिकठिकाणचे मण त्याहून लहान होते, म्हणून आंकडा तितकाच धरण्याचें कारण नाहीं. पण मला वजनापेक्षां लिहिण्याची वेळ आणि जागा जास्त बोलकी वाटते. कृष्णाजी अनंत सभासदानें ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ सालीं लिहिली, ती कर्नाटकांत जिंजीस. त्या वेळीं रायगड हातचा जाऊन आठ वर्षें होत आलीं होतीं. जिंजीला वेढा घालणारा मोंगल सेनापति झुल्फिकारखान. आणि त्याला ही पदवी मिळाली होती ती रायगड घेतल्याबद्दलच. म्हणजे ज्या हातानें सिंहासन गेलें तोच हात किल्ल्याबाहेर आहे आणि आंत एक म्हातारा कारभारी त्या सिंहासनाचें वर्णन लिहीत बसला आहे. त्या बत्तीस मणांत सोनें किती आणि आठवण किती, हें तोलण्याला ऑक्झिंडनचा तराजू उपयोगाचा नाहीं.

सिंहासनाचा काल किती? १६७४ पासून १६८९ पर्यंत, पुरीं सोळा वर्षेंहि नाहींत. आणि तेवढ्यांतहि त्यावर बसण्याविषयीं केवढी जपणूक! संभाजी महाराजांनीं १६८० च्या जुलैंत कारभार हातीं घेतला तो मंचकारोहण करून. सिंहासनावर ते विधिपूर्वक बसले पुढील जानेवारींत. १६८९ त संभाजी महाराज पकडले गेल्यावर राजाराम महाराजांचेंहि फेब्रुवारींत मंचकारोहणच झालें. गादी शाहूची, आपण ती सांभाळावयाची, ही त्यामागची भावना. मंचक आणि सिंहासन यांतला हा भेद आज कोणास नुसता शब्दच्छल वाटेल. पण एखादी जागा आपली नसतां तीवर बसावें लागणें आणि आपली म्हणून तीवर बसणें, यांतील अंतर ज्या समाजाला कळतें, त्या समाजाला राज्य म्हणजे काय हें कळलेलें असतें. वॉशिंग्टन दोन वेळां अध्यक्ष झाल्यावर १७९७ सालीं आपण होऊन उठून घरीं गेला, याचें आपण कौतुक करतों. आपल्या घरचें हें मंचकाचें उदाहरण तितकेंसें सांगत नाहीं.

नोव्हेंबर १६८९ मध्यें रायगड पडला. येसूबाई व बाल शाहू शत्रूच्या हातीं गेलीं. सिंहासनाचा त्यापुढें माग लागत नाहीं. लागणार कसा? सोन्याच्या आसनांचें हें प्राक्तनच दिसतें. दिल्लीचें मयूरासन १७३९ त नादिरशहानें नेलें. टिपूचें सिंहासन १७९९ त श्रीरंगपट्टणच्या लुटींत फोडून वांटून घेतलें गेलें. फोलवेलची खुर्ची मात्र प्रांतिक सभेबरोबर १७९९ त लँकेस्टरला, १८१२ त हॅरिसबर्गला हिंडली आणि १८६७ सालीं जुन्या दालनांत परत आली. कारण महोगनी वितळवितां येत नाहीं. चोरास तिचा उपयोग नव्हता.

सिंहासन गेलें, तरी राज्य गेलें नाहीं. औरंगजेबाचा हिशेब चुकला तो बहुधा येथें. राजाराम महाराजांनीं जिंजीस दरबार भरविला, प्रधान नेमले, प्रल्हाद निराजीसाठीं प्रतिनिधि हें नवें पद निर्माण केलें, वतनांच्या सनदा दिल्या. इकडे रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण सचिव किल्ले परत घेत होते. राजगडहि त्यांत आला. जें राज्य राजगडच्या जाजमावर पंचवीस वर्षें चाललें होतें, त्याला पुनः जाजमावर यावयास वेळ लागला नाहीं. गादी गुंडाळतां येते, हा तिचा मोठा गुण.

पण त्याच गुणांत तिचा दोषहि होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. गुंडाळतां येणारी गादी दोन ठिकाणींहि अंथरतां येते. राजाराम महाराज १७०० सालीं सिंहगडावर वारले. ताराबाईंनीं आपल्या मुलास गादीवर बसविलें आणि औरंगजेबाशीं सात वर्षें झुंज दिली. मग १७०७ त शाहू मोंगलांच्या कैदेंतून सुटून आला. आतां गादी कोणाची? ताराबाईंनीं सरदारांकडून दूधभातावर हात ठेववून शपथ घेतल्याची हकीकत येते. शंकराजी नारायण त्या शपथेंत बांधलेला. या मावळांतले किल्ले बहुतेक त्याच्या हातीं. तो ज्या बाजूस जाईल ती बाजू जड होणार. धनाजी जाधव शाहूस मिळाले, आणि शाहूचा निरोप शंकराजीस आला. ज्या राजारामानें मंचकावर बसतांना गादी शाहूची म्हणून मानली, त्याच राजारामाचा हा सेवक. म्हणजे शाहूला नाहीं म्हणणें हा धन्याच्या शब्दाचा भंग, आणि होय म्हणणें हा स्वतःच्या शपथेचा. शंकराजीनें दोहोंपैकीं एकहि केलें नाहीं. भोरजवळ अंबवड्यास त्यानें १७०७ सालीं जलसमाधि घेतली. तेथें त्याची समाधि आजहि आहे.

इतिहासकारांनीं या मृत्यूला एकदोन ओळी दिल्या आहेत, व पुढें खेडची लढाई, १७०८ त साताऱ्यास शाहूचा राज्याभिषेक, १७३१ चा वारणेचा तह आणि सातारा-कोल्हापूर या दोन गाद्या, असे ते निघून जातात. मला मात्र हा मनुष्य सहजासहजीं ओलांडवत नाहीं. तलवारीनें मेलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण आसनावर कोण बसावा या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें नाहीं म्हणून मेलेला एवढा मोठा अधिकारी दुसरा चटकन् आठवत नाहीं. फिलाडेल्फियाच्या दालनांत तीं माणसें चार महिने, खिडक्या लावून, उन्हाळ्यांत घामाघूम होत काय करीत होतीं? खुर्चींत बसलेला उठला म्हणजे पुढें कोण, किती काळ, कोणाच्या संमतीनें, हेंच लिहून काढीत होतीं. त्यांना तो निवांतपणा मिळाला. औरंगजेबाशीं सत्तावीस वर्षें लढणाऱ्या राज्याला मिळाला नाहीं, हें खरें. तथापि औरंगजेब गेल्यावर मिळाला होता, आणि आम्हीं तो खेडच्या लढाईंत खर्च केला, हेंहि तितकेंच खरें आहे.

शाहूनें मात्र एक गोष्ट शहाणपणाची केली. शंकराजीच्या अल्पवयी मुलाला, नारो शंकर याला, त्यानें सचिवपद दिलें. बापाच्या शपथेचा राग मुलावर धरला नाहीं. त्या घराण्याचें भोर संस्थान झालें. राजगड व तोरणा त्यांतच होते, आणि ८ मार्च १९४८ रोजीं तें भारतांत विलीन झालें.

यांतलें थोडें मीं त्या सायंकाळीं विंझरला बोललों, थोडें नंतर सुचलें. मुलें ऐकत होतीं. कांहीं पेंगत होतीं. वेल्ह्याकडून येणारी गाडी वळणावर दिसूं लागली तशी सर्वांनीं आपापल्या पिशव्या उचलल्या. प्रश्न विचारणारा विद्यार्थी तेवढा बसून होता.

"म्हणजे सर," तो म्हणाला, "सकाळीं आपण ज्या जोत्यावर शिदोरी सोडली, तेथेंच?"

"तेथेंच," मीं म्हटलें, आणि आम्ही गाडीकडे निघालों.